सेंद्रिय सोयाबीन : सरासरी उतारा नको, भरवशाचा उतारा हवा. अमळनेर–धुळे पट्ट्यासाठी वाण निवडीचे विश्लेषण

सोयाबीन आणि सेंद्रिय शेती या दोन्ही विषयांवर सध्या सरकारी योजनांचा जोर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय खाद्यतेल अभियानाच्या तेलबिया भागाला मंजुरी दिली. त्यासाठी १०,१०३ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि २०३०-३१ पर्यंत देशाचे तेलबिया उत्पादन ६९७ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. पुढच्याच महिन्यात, २५ नोव्हेंबर २०२४ रोजी, २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी मिळाली. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन आधी विदर्भातील सहा जिल्ह्यांपुरते होते. २०२३ मध्ये ते संपूर्ण महाराष्ट्रासाठी लागू करण्याचा निर्णय झाला.

एक अभियान नवीन वाणांचे बियाणे देते, तर दुसरे रासायनिक निविष्ठा सोडायला सांगते. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा किंवा धुळे तालुक्यातील जो शेतकरी या दोन्ही योजनांत बसतो, त्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो : रासायनिक खत आणि फवारणीशिवाय, आपल्याच जमिनीत, पाऊस वेडावाकडा पडला तरी कोणता वाण हाती काहीतरी देऊन जाईल? या प्रश्नाचे उत्तर बियाण्याच्या पिशवीवर मिळत नाही. ते कसे शोधायचे, हे या लेखात पाहू.

गेल्या तीन खरिपांनी काय दाखवले?

२०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते. २०२४ मध्ये पाऊस भरपूर झाला. त्या हंगामात प्रश्न ओलाव्याचा होता आणि काढणीनंतर दाण्यातील ओल हा खरेदी केंद्रांवरचा वादाचा विषय बनला. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, आणि सप्टेंबरमध्ये मराठवाडा व सोलापूर भागात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली.

तीन वर्षांत तीन वेगळ्या परीक्षा झाल्या : फुलोऱ्यात खंड, काढणीला ओल आणि पक्वतेच्या वेळी अतिवृष्टी. एखादा वाण यातील एका परीक्षेत पहिला येतो आणि दुसरीत नापास होतो. म्हणून "मागच्या वर्षी शेजाऱ्याला चांगला उतारा आला" हा वाण निवडीचा पुरेसा आधार नाही. एका वर्षाचा आकडा वाणाबद्दल जेवढे सांगतो, त्याहून जास्त त्या वर्षीच्या पावसाबद्दल सांगतो.

शिफारस कुठे तयार होते?

सोयाबीनचा नवा वाण अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाच्या चाचण्यांतून जातो. या प्रकल्पाचे समन्वयन इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेकडे आहे. देशाचे विभाग पाडून तीन टप्प्यांत वाण तपासले जातात आणि सरस ठरलेल्या वाणाची त्या विभागासाठी शिफारस होते. ही पद्धत चांगली आहे, पण खानदेशच्या सेंद्रिय शेतकऱ्याने तिच्या तीन मर्यादा लक्षात ठेवाव्यात.

१. विभाग मोठे आहेत. मध्य विभागात मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात यांच्यासोबत विदर्भ व मराठवाडा येतात, तर दक्षिण महाराष्ट्र दक्षिण विभागात मोडतो. खानदेश या दोन्हींच्या कडेला पडतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. पण या विद्यापीठाचे 'फुले' मालिकेतील सोयाबीन वाण सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथे तयार झाले. कृष्णाकाठचा पाऊस, जमीन आणि तेथील तांबेऱ्याचा त्रास वेगळा. बोरी–पांझरा खोऱ्यातील कमी आणि खंडित पाऊस वेगळा.

२. चाचणीतील व्यवस्थापन वेगळे असते. शिफारशीत खतमात्रा, तणनाशक आणि गरजेनुसार कीटकनाशक वापरून मिळालेला उतारा पिशवीवर किंवा माहितीपत्रकात येतो. तणाशी झुंजण्याची वाणाची ताकद अशा चाचणीत दिसतच नाही, कारण तिथे तण नसते.

३. सरासरीवर भर असतो. "हेक्टरी २५ ते ३० क्विंटल" असे लिहिलेले असते. वाईट वर्षी किती मिळेल हे लिहिलेले नसते.

सेंद्रिय व्यवस्थापनाखाली वाणांची तुलना अजिबात होत नाही असे नाही. मोदीपुरम येथून चालणाऱ्या अखिल भारतीय सेंद्रिय शेती नेटवर्क प्रकल्पात असे प्रयोग होतात. परंतु त्यातून अमळनेरच्या जमिनीचा आकडा आपोआप मिळत नाही.

सातपुड्यापलीकडचा पुरावा

आपल्या सर्वांत जवळचा मोठा दाखला मध्य प्रदेशच्या निमाड भागात आहे. खरगोन जिल्ह्यातील भीलगाव येथे २००७ पासून स्वित्झर्लंडच्या सेंद्रिय शेती संशोधन संस्थेच्या सहकार्याने दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. काळी जमीन आणि कापूस–सोयाबीन–गहू ही फेरपालट, म्हणजे परिस्थिती आपल्याशी बरीच जुळणारी. अमळनेरहून हे ठिकाण सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे.

पहिल्या चार वर्षांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या फेरीत (२००७-०८) सेंद्रिय कापसाचा उतारा रासायनिकपेक्षा २९ टक्के आणि गव्हाचा २७ टक्के कमी होता. सोयाबीनमधील घट मात्र फक्त १ टक्का होती. दुसऱ्या फेरीत (२००९-१०) ही घट ११ टक्के झाली. तरीही चारही वर्षे मिळून सोयाबीनचा निव्वळ फायदा सेंद्रिय पद्धतीत ११ टक्के जास्त राहिला, कारण खर्च कमी होता.

यातून दोन गोष्टी कळतात. सोयाबीन स्वतःचे नत्र मुळांवरील गाठींतून मिळवते, म्हणून सेंद्रियकडे वळताना कापूस–गव्हापेक्षा ते कमी मार खाते. आणि फेरी बदलली की १ टक्क्याची घट ११ टक्के होऊ शकते. सरासरीत ही चढउतार लपते, पण कर्ज फेडताना ती जाणवते.

जगभरच्या आकडेवारीतूनही हेच दिसते. २०१८ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात नॅप आणि व्हॅन डर हायडेन यांनी अनेक प्रयोगांची एकत्रित तपासणी मांडली. उताऱ्याच्या प्रमाणात पाहिले तर सेंद्रिय शेतीची वर्षानुवर्षांची स्थिरता रासायनिक शेतीपेक्षा १५ टक्के कमी आढळली. सेंद्रिय शेतकऱ्याकडे ऐनवेळी युरिया टाकून किंवा जहाल औषध फवारून पीक सावरण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे तो भार वाणाच्या अंगच्या गुणांवर येतो.

स्थिरता मोजायची कशी?

समजा, दोन वाण चार ठिकाणी किंवा चार वर्षे घेतले आणि एकरी उतारा (क्विंटल) असा आला. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

- वाण 'अ' : १०, ४, ९, ५. सरासरी ७.
- वाण 'ब' : ७.५, ६, ७, ६.५. सरासरी ६.७५.

सरासरीत 'अ' पुढे आहे. आता एकरी खर्च २४,००० रुपये आणि दर ४,५०० रुपये धरा. खर्च निघायला सुमारे ५.३ क्विंटल लागतात. 'अ' वाण चारपैकी दोन वेळा तोट्यात गेला, 'ब' एकदाही नाही. पाव क्विंटल सरासरीसाठी 'अ' घेणारा शेतकरी प्रत्यक्षात दोन वर्षांचा तोटा विकत घेतो.

संशोधक यासाठी काही मोजमापे वापरतात :

- विचरण गुणांक : चढउतार सरासरीच्या किती टक्के आहे ते सांगतो. वरच्या उदाहरणात 'अ' चा सुमारे ४२ टक्के, तर 'ब' चा १० टक्क्यांच्या आत येतो.
- प्रतिसाद गुणांक : एबरहार्ट आणि रसेल यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत. सर्व वाणांच्या सरासरीवरून प्रत्येक ठिकाण 'चांगले' की 'वाईट' हे ठरवतात आणि वाण त्याला कसा प्रतिसाद देतो ते पाहतात. गुणांक १ च्या आसपास असेल तर वाण परिस्थितीप्रमाणे चालतो. १ पेक्षा बराच जास्त असेल तर तो चांगल्या जमिनीत व पाण्यात उसळतो आणि वाईटात कोसळतो. १ पेक्षा कमी असेल तर वाईट परिस्थितीतही तग धरतो.
- अपेक्षेपासूनचे विचलन : हे जितके कमी, तितका वाणाचा अंदाज बांधणे सोपे.

येथे एक सावधगिरी हवी. दरवर्षी साडेचारच क्विंटल देणारा वाणही 'स्थिर' म्हणता येईल, पण तो स्थिरपणे तोट्यात नेतो. म्हणून सरासरी आणि स्थिरता दोन्ही एकत्र पाहावीत. शेतकऱ्यासाठी सोपा नियम असा : सर्वांत वाईट ठिकाणीही खर्च काढून देणारे वाण आधी निवडा, आणि त्यांच्यातून जास्त सरासरीचा घ्या.

सेंद्रिय सोयाबीनसाठी वाणात कोणते गुण पाहावेत?

१. लवकर झाकण धरणे. पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस तणासाठी नाजूक असतात. सेंद्रियमध्ये कोळपणी आणि निंदणी हाच उपाय आहे, आणि सततच्या पावसात कोळपे चालत नाही. सुरुवातीची वाढ जोमदार असून ओळी लवकर भिडणारा वाण मजुरीचा खर्च वाचवतो.

२. जमिनीला साजेसा कालावधी. हलक्या–मध्यम जमिनीत सप्टेंबरच्या उत्तरार्धात ओल संपली की उशिरा पक्व होणाऱ्या वाणाचे दाणे बारीक राहतात. भारी काळ्या जमिनीत जास्त दिवसांचा वाण ओलीचा फायदा घेतो. अति लवकर येणारा वाण खंडातून निसटतो, पण एकदा ताण बसला तर भरून काढायला त्याच्याकडे दिवस नसतात.

३. कीड–रोगाला तोंड देण्याची ताकद. आपल्याकडे चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळी, तंबाखूची पाने खाणारी अळी आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हे मुख्य शत्रू आहेत. निंबोळी अर्क, कामगंध सापळे, मेटारायझियम रिलेयी किंवा बिव्हेरिया यांनी अळ्या आटोक्यात येतात. पिवळा मोझॅक एकदा आला की औषध नाही. तिथे सहनशील वाण हाच खरा उपाय.

४. चुनखडीची सहनशीलता. तापीकाठच्या अनेक जमिनींत सामू आणि चुन्याचे प्रमाण जास्त असते. जोराच्या पावसानंतर कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता असते. याला मोझॅक समजू नये. सर्व वाण यात सारखे बळी पडत नाहीत, हे शेतावरच नोंदवता येते.

५. शेंगा न फुटणे आणि बियाण्याची टिकाऊ उगवण. मजूर वेळेवर मिळत नाहीत, काढणी चार–आठ दिवस लांबते. शेंग फुटणारा वाण तिथेच नुकसान करतो.

उपलब्ध वाणांकडे या नजरेने पाहू

- जेएस ३३५ : जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा, १९९४ चा वाण, सुमारे ९५ ते १०० दिवस. तीन दशके टिकला तो वेगवेगळ्या परिस्थितीत चालतो म्हणून. आता पिवळ्या मोझॅकला बळी पडतो, ही मोठी उणीव. तुलनेसाठी मात्र उत्तम मापदंड.
- जेएस ९३-०५ आणि जेएस ९५-६० : लवकर येणारे, अनुक्रमे सुमारे ९० आणि ८५ दिवस. रब्बीसाठी शेत लवकर मोकळे होते. चाचणीत 'लवकर' गटाचे प्रतिनिधी म्हणून घ्यावेत.
- एमएयूएस ७१ (समृद्धी), एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे, साधारण ९३ ते १०० दिवसांचे. मराठवाड्यातील खंडित पावसाची परिस्थिती आपल्याशी जुळते, म्हणून या गटाला चाचणीत आधी जागा द्यावी.
- फुले संगम (केडीएस ७२६) आणि फुले किमया (केडीएस ७५३) : तांबेऱ्याला सहनशील. फुले संगम १०० ते १०५ दिवस घेतो आणि झाड पसरट होते. संरक्षित पाणी असलेल्या भारी जमिनीत त्याला वाव आहे. कोरडवाहू हलक्या जमिनीत आधी थोड्यावर तपासून मगच वाढवावा.
- पीडीकेव्ही यलो गोल्ड (एएमएस १००१) : अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा, मध्यम कालावधीचा.

यातील कोणताही वाण "अमळनेरच्या सेंद्रिय शेतीसाठी सर्वोत्तम" असे आज सांगणे घाईचे ठरेल. ही चाचणीसाठीची यादी आहे, अंतिम शिफारस नव्हे.

गटाने चाचणी कशी घ्यावी?

नैसर्गिक शेती अभियानात १५,००० समूह प्रस्तावित आहेत, म्हणजे एका समूहात साधारण ५० हेक्टर क्षेत्र आणि सोबत दोन कृषी सखी. अशा गटातील सहा शेतकरी पुढे आले तरी चाचणी उभी राहते.

- वाण : चारच घ्या. तीन नवे आणि एक गावात चालणारा, तुलनेसाठी.
- शेते : सहा. तीन भारी जमिनीची, तीन हलक्या–मध्यम जमिनीची. प्रत्येक शेतात चारही वाण हवेत. कोणता पट्टा कोणत्या वाणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.
- पट्टा : ४५ सें.मी. अंतराच्या १० ओळी, २८ मीटर लांब. कडेची एक-एक ओळ सोडून मधल्या ८ ओळी मोजणीसाठी काढा. हे क्षेत्र जवळपास १ गुंठा भरते. मिळालेल्या किलोला ४० ने गुणले की एकरी उतारा.
- बियाणे : रासायनिक बुरशीनाशक न लावलेलेच घ्या. बाजारातील पिशवीत बरेचदा प्रक्रिया केलेले बियाणे असते. प्रमाणीकरणात ते अडचणीचे ठरते, म्हणून खरेदीपूर्वी विचारा. १०० दाण्यांची ओल्या गोणपाटात उगवण तपासा. ७० पेक्षा कमी दाणे उगवले तर ते बियाणे चाचणीला वापरू नका.
- बीजप्रक्रिया व पेरणी : ट्रायकोडर्मा, नंतर रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू, सर्व वाणांना सारखेच. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर, ३ ते ४ सें.मी. खोलीवर, शक्यतो रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरा. एका शेतातील चारही पट्टे एकाच दिवशी पेरा.
- नोंदी : गावचा पाऊस, १५ व्या दिवशी झाडांची संख्या, ओळी भिडण्याचा दिवस, फुलोऱ्याची तारीख, निंदणीची मजुरी, पिवळी पडलेली झाडे, चक्रीभुंग्याने खाप पाडलेली झाडे, वाळलेल्या दाण्याचे वजन व ओलावा.
- कालावधी : किमान तीन खरीप. सहा शेते आणि तीन वर्षे मिळून प्रत्येक वाणाचे १८ आकडे हाती येतात.

निकाल पाहताना तीन प्रश्न विचारा. १८ पैकी किती वेळा वाणाने खर्च काढला? किती वेळा गावच्या वाणाला मागे टाकले? आणि सर्वांत कमी उतारा किती? सरासरी शेवटी पाहा. मोजमापाच्या गणितासाठी ममुराबाद, पाल किंवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्राकडे नोंदवही घेऊन जाता येईल. नीट ठेवलेली नोंदवही असेल तर तज्ज्ञांशी चर्चा फार सोपी होते.

सोयाबीन स्वपरागित असल्याने निवडलेल्या वाणाचे बियाणे घरी राखता येते. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवा, बियाणे चांगले वाळवा आणि पोत्यांची उंच थप्पी लावू नका. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, मार बसला की उगवण जाते.

दराचे गणित विसरू नका

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. २०२४-२५ मध्ये तो ४,८९२ होता आणि राज्यातील बाजारांत त्या हंगामात दर त्याच्या खाली राहिले. सेंद्रियचा जादा दर मिळेल हे गृहीत धरू नये. प्रमाणीकरणासाठी दोन वर्षांचा संक्रमण काळ असतो आणि तोवर माल साध्या दरानेच जातो. निर्यातीचा भरवसाही ठिसूळ आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये भारतीय सेंद्रिय सोयाबीन पेंडीवर जादा शुल्क लावले आणि एक मोठी बाजारपेठ आक्रसली. म्हणजे दर आपल्या हातात नाही आणि पाऊसही नाही. वाणाची निवड तेवढी हातात उरते.

आता काय करावे?

- सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली घेऊ नका. ९० दिवसांचा एक आणि ९५ ते १०० दिवसांचा एक असे क्षेत्र विभागले तर एकाच खंडात दोन्ही सापडण्याची शक्यता कमी होते.
- कोरडवाहू जमिनीत सोयाबीन + तूर (४:२) घ्या. सोयाबीन गेले तरी तूर उभी राहते. स्थिरता वाणाइतकीच पीक पद्धतीतूनही येते.
- माहितीपत्रकातील मोठ्या आकड्यावर भुलून नवा वाण पूर्ण शेतात लावू नका. पहिल्या वर्षी काही गुंठेच द्या.
- गटाच्या बैठकीत बियाणे वाटपासोबत चाचणी पट्ट्यांचीही मागणी करा. दोन्ही अभियानांचा पैसा गावात येणार असेल, तर "हा वाण रासायनिक खताविना आमच्या जमिनीत कसा चालतो?" याचे उत्तर मागण्याचा हक्क गटाला आहे.

येत्या खरिपात पट्टे पडले तर तीन हंगामांनंतर अमळनेरकडे स्वतःची यादी असेल. ती नसेल तर तोपर्यंत आपण इंदूर, परभणी आणि कसबे डिग्रजच्या सरासरीवरच पेरत राहू.